तळ नसलेला खड्डा

वाडीच्या विहिरीचं पाणी बिघडलं, आणि ते कुणी बिघडवलं याचा निकाल पारूबाईंनी त्याच दिवशी देऊन टाकला. वरच्या बंगल्यानं. दुसरं कोण? पुण्याच्या माणसानं पानशेतच्या धरणाकडं तोंड करून टेकाडावर बंगला बांधला, शनिवार-रविवारी गाड्या भरभरून पाहुणे आणले, त्यांची घाण उताराला लागणारच की! पारूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आडवं जायची कुणाची छाती नव्हती. वाडीनं मान डोलावली.

पण या वेळी त्या पट्ट्यामागं भीती होती. विहिरीलगतच्या रतनबाईंचा मुलगा प्रशिक काविळीनं पिवळाधमक होऊन दवाखान्यात पडला होता. त्याच्यामागोमाग वाडीतले आणखी दोघं आजारी पडले. नर्सबाई येऊन सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगून गेल्या. जाताजाता त्यांनी पारूबाईंना बाजूला घेतलं.

"मावशी, पोरीकडं लक्ष ठेवा. पोटुशीला ही कावीळ झाली तर जिवावर बेतते."

पोरगी म्हणजे शेफाली. पहिलटकरीण, आठवा महिना. शहरातल्या औषध मारलेल्या पाण्यानं पोरीच्या तोंडाची चव गेली म्हणून पारूबाईंनीच तिला लवकर माहेरी आणलं होतं, आणि महिनाभर विहिरीचं गार पाणी तांब्यातांब्यानं पाजलं होतं. पाणी उकळायला लागल्या त्या आत्ता. आधी पोटात गेलं त्याचं काय, हा विचार आला की त्या हातातलं काम टाकून अंगणात यायच्या. मग त्या बंगल्याला आणखी मोठ्यानं शिव्या घालायच्या.

"नुस्तं बोंबलून काय व्हतंय, आये?" त्यांचा मुलगा अजित एकदा वैतागून म्हणाला. "रंगपंचमीचा पक्का रंग उरलाय घरात. लाल पुड्या बंगल्याच्या संडासात वतू. हिरीला उतरला की धरू मालकाला."

पारूबाईंनी पदर खोचला आणि चार बायका घेऊन टेकाड चढल्या. बंगला राखणाऱ्या सोनबानं मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, खुशाल ओता. त्याचं ते खुशाल पारूबाईंना फारच झोंबलं. त्यांनी स्वतःच्या हातानं लालभडक बादली रिकामी केली, वर आणखी दोन बादल्या पाणी ढकललं.

मग वाट बघणं सुरू झालं. बायका येता-जाता पोहरा सोडायच्या आणि पाणी पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत ओतून बघायच्या. संध्याकाळी पाणी स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही स्वच्छ. चार दिवस उलटले तरी लालीचा मागमूस नाही. पारूबाई बशी उन्हात तिरकी करून बघत, डोळे बारीक करत, आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणत, "उतरंल, उतरंल."

"न्हाई उतरायचा, वैनी," शेवटी सोनबा म्हणाला. "आमची टाकी काँक्रीटची हाय. तळासकट समदी बंद. म्हनून तर ती भरती, आन् मैल्याची गाडी बोलवाया लागती."

त्या गाडीवरून तर पारूबाईंनी बंगल्याची किती टवाळी केली होती! गाडी आली की नाकाला पदर लावून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या, "आमचा खड्डा बघा म्हनावं. अजितच्या लग्नात खांदला, आजवर भरला न्हाई." गोठ्यामागं, विहिरीच्या वरच्या अंगाला संडासाचा दोन पुरुष खोल खड्डा. खणताना खाली कातळात भेग लागली, तेव्हा गवंडी म्हणत होता, तळ बांधून घ्या. पारूबाईंनीच त्याला गप्प केलं होतं. आपसूक जिरतंय तर तळ कशाला?

"पारूबाई," रतनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आता तुमच्या संडासात बी वतून बघा."

विहिरीवरच्या बायका पारूबाईंकडं वळल्या. पारूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "बघायचं काय त्यात? हिरवा वता! समद्यांच्या डोळ्यांदेखत वता! मग कळंल कुनाचं काय हाय ते!"

ओतला. ओततानाही त्या ताठ उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहरा रतनबाईंनीच काढला. बशीत ओतायची गरज पडली नाही. मेथीची जुडी खळबळून धुतल्यावर येतं तसं हिरवट पाणी पोहऱ्यात हिंदकळत होतं. पारूबाईंना वाटलं, आता कुणी तरी शिवी द्यावी, झिंज्या धराव्यात, पण या बायकांनी असं गप्प उभं राहू नये.

"माझं पोरगं तिकडं सलाईनवर हाय," रतनबाई म्हणाल्या. "तुमाला काय बोलायचं ते म्या मागनं बोलंन. सोडनार न्हाई. पर आदी घरी जावा आन् पोरीचे डोळे बघा."

पारूबाई धावत सुटल्या. शेफाली ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. दोन दिवस तिला अन्न नको झालं होतं, आणि पारूबाई उन्हाळ्याच्या नावानं खडे फोडत होत्या. त्यांनी तिला हाताला धरून अंगणात उन्हात आणलं, अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. दुसऱ्या डोळ्याचीही ओढली. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग हळद लागल्यासारखा पिवळा झाला होता.

"अजित! टेम्पो काढ! पुन्याला, मोठ्या दवाखान्यात!" त्यांची किंकाळीच फुटली.

अजितनं टेम्पोत गादी टाकली. पारूबाईंनी लेकीला सांभाळून वर चढवलं आणि तिच्याशेजारी बसल्या. टेम्पो वाडीच्या बाहेर पडला तेव्हा शेफालीनं थकल्या आवाजात विचारलं, "आये, बंगल्याचंच निघालं न्हवं?"

हो म्हणणं फार सोपं होतं. पोरीला तेवढाच धीर आला असता.

"न्हाई बाळा. आपल्या खड्ड्याचं. म्याच तळ बांधू दिला न्हवता."

शेफालीनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले आणि आईपासून जरा लांब सरकून बसली.