उसवलेला कोट

हंगाम संपला की कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानात एक काम गुपचूप उरकलं जाई. न खपलेले कपडे मागच्या खोलीत न्यायचे, मोठ्या कात्रीने पाठीवर उभे कापायचे, पोत्यांत कोंबायचे आणि कचऱ्याच्या गाडीत चढवायचे. कपडे असत कोरे करकरीत. पण स्वस्तात विकले तर पुढच्या वेळी पुरी किंमत कोण मोजेल, आणि फुकट वाटले तर दुकानाची शान काय राहील, असं वरच्या कचेरीचं म्हणणं होतं.

दुकान सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी तीन वर्षं हे काम बिनबोभाट करून घेतलं होतं. वरून हुकूम यायचा, त्या तो खाली सांगायच्या. त्यात काही चुकतंय असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही नव्या कपड्यांची भारी हौस. घरी कपाटाचं दार उघडलं की दोन-चार घड्या अंगावर यायच्या आणि तरी त्या म्हणायच्या, घालायला धड काही नाही.

त्या वर्षी त्यांच्या नवऱ्याची मावशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर राहायला आली. मावशींनी अठ्ठावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काढली होती, आणि ती सगळी कॉलर शिवण्यात. शंभर बायका ओळीने बसायच्या. एकीने बाही लावायची, दुसरीने खिसा, मावशींनी कॉलर. कॉलर शिवून झाली की गठ्ठा पुढे जायचा. पुढे त्याचं काय व्हायचं, ते मावशींनी कधी पाहिलंच नव्हतं. डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला, तुझं दुकान दाखव.

आपल्या सुट्टीच्या दिवशी मॅडम त्यांना घेऊन गेल्या. दिव्यांच्या झगमगाटात मावशी देवळात आल्यासारख्या हळूहळू चालत होत्या. प्रत्येक कोटापाशी थांबत, कॉलर दोन बोटांत धरून उलटी करत आणि मान डोलवत. कुणीतरी चांगल्या हाताने शिवली आहे, असं पुटपुटत. मॅडमना मनातून हसू येत होतं आणि थोडा अभिमानही वाटत होता.

मग मावशी हात धुवायला मागे गेल्या आणि चुकून भलतंच दार उघडून बसल्या.

आत दुकानातल्या दोघी मुली जमिनीवर बसून कोट कापत होत्या. एकीच्या बोटांना कात्रीने फोड आले होते. बाजूला पोत्यांची चळत छताला टेकलेली. मॅडम धावत आल्या, पण उशीर झाला होता.

“यात काही खोट आहे का?” मावशींनी विचारलं.

मॅडमनी नाही म्हटलं. मग किमतीचं, शानेचं, वरच्या कचेरीचं सगळं समजावून सांगितलं. नेहमी घडाघडा सांगत त्या, पण आज शब्द तोंडात अडखळत होते. मावशी वाद घालत बसल्या नाहीत. कापलेला एक कोट तेवढा त्यांनी मागून घेतला.

घरी आल्यावर जेवणं झाली तशी मावशींनी दिवाणखान्यातली मेजं-खुर्च्या भिंतीला लावायला सांगितल्या आणि ब्लेडने कोट उसवायला बसल्या. मॅडम मदतीला बसल्या. एकेक भाग निघू लागला. पाठ, पुढचे पल्ले, दोन तुकड्यांची बाही, अस्तर, अस्तराखालचं कडक कापड, खिशांच्या पिशव्या, कॉलरची वरची बाजू, खालची बाजू. मावशी प्रत्येक तुकडा जमिनीवर नीट पसरत होत्या आणि आपल्या कारखान्यात तसला तुकडा कुणाच्या हाताखालून जायचा ते सांगत होत्या. ही बाही लावणारी, हिची मान कायम वाकडी असायची. हा काजं पाडणारा, मशीनच्या आवाजाने त्याला कमी ऐकू यायचं. हा इस्त्रीवाला, त्याच्या दोन्ही हातांवर वाफेचे डाग. आणि आमच्याही आधी सूत काढणारे, विणणारे, रंगवणारे, मेंढ्या राखणारे. त्यांची तर तोंडंसुद्धा आम्ही पाहिली नाहीत.

त्रेचाळीस तुकडे झाले. जमीन दिसेनाशी झाली. मॅडमचा नवरा पाणी प्यायला आला तो दारातच उभा राहिला. पाय ठेवायला जागा नव्हती. मॅडम गुडघ्यांवर बसून पाहतच राहिल्या. रोज शेकडो कोट त्यांच्या हाताखालून जात, पण कोट त्यांना आज पहिल्यांदा दिसत होता. केवढी माणसं! एका खिळ्याला अडकवलेल्या एका कपड्यात एवढी माणसं होती, आणि आपण त्यांच्या पाठीवरून कात्री फिरवत आलो!

मावशींनी कॉलरचा तुकडा मांडीवर घेतला.

“आमच्या कारखान्यात गठ्ठा वेळेवर गेला पाहिजे म्हणून पाणी पिऊ द्यायचे नाहीत,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पाणी प्यालं की मोरीला उठावं लागतं ना. माझ्या शेजारणीचं मूतखड्याचं दुखणं त्यातलंच. आम्हाला वाटायचं, कुणीतरी थंडीत कुडकुडत वाट बघत असेल, म्हणून ही घाई. आज कळलं, तो कोट कुणाला नकोच होता.”

मॅडमनी हातातला दोरा खाली ठेवला.

“मी तुला दोष देत नाही, पोरी. पण एवढं सांग, गरजेपेक्षा जास्त करायचं, नको असताना घ्यायचं आणि उरलं की कापायचं, यात कुणाचं भलं झालं?”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दुकानातल्या कात्र्या कुलपात ठेवल्या. दीडशेवर कोट कापायचे राहिले होते. वरच्या कचेरीचा फोन आला, मग पत्र आलं, मग साहेब स्वतः आले. मॅडमनी त्यांना मागच्या खोलीत नेलं. तिथे ते त्रेचाळीस तुकडे मांडून ठेवले होते, आणि मावशींनी सांगितलेलं सगळं मॅडमनी एकेक तुकडा दाखवत सांगितलं. नोकरी जाईल ही भीती होतीच. साहेब काही विरघळले नाहीत. पण ते बराच वेळ त्या तुकड्यांभोवती फिरले, आणि जाताना म्हणाले, दुकानाच्या नावाची पट्टी काढून बेघरांच्या निवाऱ्यात देऊन टाका, मी पाहिलं नाही. मॅडमना ताकीद मिळाली, बढती हुकली. बाकीच्या दुकानांत कात्र्या चालूच राहिल्या. हेही सांगितलं पाहिजे.

पण या दुकानातले कोट निवाऱ्यात गेले, आणि कोपऱ्यात एक शिलाईचं मेज आलं; साहेबांनी त्याकडेही डोळेझाक केली. महिनाभराच्या मावशी सहा महिने राहिल्या. त्या दोघी मुलींना त्यांनी रफू शिकवलं, आणि आधी कापलेले तीसेक कोट तिघींनी मिळून जोडले. पाठीवरची शिवण मात्र काही केल्या लपेना. तेव्हा ती सरळ उठून दिसेल अशा तांबड्या दोऱ्याने घातली. लोक घरचे जुने कपडे घेऊन येऊ लागले. नवं घ्यायला आलेले कधीकधी जुनंच दुरुस्त करून परत जात.

तसला एक कोट मॅडम स्वतः वापरतात, आज चौथं वर्ष. कुणी शिवणीबद्दल विचारलं, की त्या हातातलं काम बाजूला ठेवून सगळी हकिगत सांगतात.

मित्रहो, वस्तू दुकानात जन्मत नाही आणि कचऱ्याच्या गाडीत मरत नाही. तिच्यात कुणाचे डोळे, कुणाची मान, कुणाची तहान गेलेली असते. नवं घेण्याआधी घटकाभर थांबावं. जवळचं आहे ते दुरुस्त होतं का, कुणाच्या उपयोगी पडतं का, ते पाहावं. एवढा मान तर आपण त्या न पाहिलेल्या माणसांना देऊच शकतो.