आज्ञाधारक देल्फिना

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या त्या एजन्सीत सकाळपासून एकाच इंग्रजी विशेषणाचा घोष चालला होता: ओबिडियंट. अर्थ, सांगितलेलं निमूट ऐकणारी. वापर, ‘मॅम, मी ओबिडियंट आहे.’ उलट अर्थाचे शब्द एजन्सीच्या मॅम लुर्डेसनी फळ्यावर लिहून त्यांवर फुल्या मारल्या होत्या: हट्टी, हेकेखोर, तोंडाळ. हाँगकाँगला घरकामाला निघालेल्या बारा जणी पोपटासारख्या घोकत होत्या.

देल्फिनाचा जीव थाऱ्यावर नव्हता. प्रत्येक फुली आपल्यावरच मारलीय असं तिला वाटत होतं. हाँगकाँगच्या आधीच्या घरातून तिला हाकललं होतं. तिथले मधुमेही आजोबा केक मागत, मालकीण म्हणे, ‘देऊन टाक, कटकट नको,’ आणि ही देत नसे. एजन्सीने मात्र अर्जात ‘आई आजारी म्हणून परतली’ असं ठोकून दिलं होतं. दोन घरांनी तिला नाकारलं होतं. आजच्या व्हिडिओ मुलाखतीत तिसरा नकार आला की यादीतून नाव कटणार, आणि पोरीचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर सुटणार.

“मनांग, पाय काय नाचवतेस? कॅमेऱ्यात दिसतं,” तिला मनांग, म्हणजे ताई म्हणणारी वर्गातली धाकटी जोसेलिन पुटपुटली. “काहीही विचारू देत, तू तेच म्हण.”

पडद्यावर हाँगकाँगहून मिसेस क्वोक आल्या. “माझ्या आईला मधुमेह आहे. तिने गोड मागितलं तर?”

“मॅम, मी ओबिडियंट आहे. मागतील ते देईन.”

मॅम लुर्डेसनी बाजूने अंगठा दाखवला. मिसेस क्वोकचा चेहरा मात्र उतरला. “आधीची कामवालीही हेच म्हणायची. आई महिनाभर दवाखान्यात होती.” त्यांचा हात फोन बंद करायला पुढे झाला.

“थांबा!” देल्फिना ओरडलीच. “पाठ केलेलं बोलले मी.” आणि तिने आजोबांचं, केकचं, हाकलल्याचं सगळं भडाभडा सांगून टाकलं.

“म्हणजे मालकिणीचं ऐकलं नाहीस. माझं तरी ऐकशील?”

मॅम लुर्डेस दोन्ही हातांनी ‘हो म्हण’ अशा खुणा करत होत्या. देल्फिनाने नजर पडद्यावरून हलवली नाही.

“आईंच्या जिवावर बेतणारं असेल तर नाही, मॅम.”

मिसेस क्वोकनी फोनकडे गेलेला हात मागे घेतला. मग हळूच म्हणाल्या, “ती रडली की मीच तिला मिठाई देते गं. मला अडवणारं कुणीतरी हवंय. कधी येशील?”

पडदा बंद झाला. देल्फिना ओक्साबोक्शी रडली. मॅम लुर्डेसनी घाईने अर्ज पुढे ओढला. “नशीब काढलंस! पण स्वभावाच्या रकान्यात ओबिडियंटच लिहिते हं. नाहीतर बाकीच्या पोरी शेफारतील.”

देल्फिनाने डोळे पुसले आणि त्यांच्या हातातलं पेन घट्ट धरलं.

“नाही लिहायचं, मॅम.”