एक्क्याण्णव मार्कांची बाटली

वासुदेवराव मास्तरांनी आयुष्यात कुणाला शंभरात सत्तरच्या वर मार्क दिले नव्हते, हे हिंगणघाटातलं शेंबडं पोरगंही सांगायचं. गणिताचे मास्तर. उत्तर बरोबर आलं तरी मधली पायरी गाळली म्हणून दोन कापायचे, पायऱ्या सगळ्या असल्या तर अक्षर किरटं म्हणून एक कापायचे. सख्ख्या मुलाला, माणिकला, त्यांनी सहामाहीत एका मार्कासाठी नापास केलं होतं. तेव्हा माणिकची आई, सुमतीबाई, दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

अशा माणसानं एका बिअरच्या बाटलीला शंभरात एक्क्याण्णव मार्क दिले. लाल शाईनं, खाली सही ठोकून. आता बोला!

बिअर म्हटल्यावर लगेच भुवया वर करायचं कारण नाही. वासुदेवराव पिणारे नव्हते. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, शाळेची कमिटी खादीवाली, अध्यक्ष अण्णाजी तर चहालाही व्यसन म्हणणारे. नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक मास्तराकडून लिहून घ्यायचे की, मी कोणतंही व्यसन करणार नाही. वासुदेवरावांनीही लिहून दिलं होतं आणि वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ते पाळतही होते. राहिलेला एक दिवस मे महिन्यातला. मॅट्रिकचे पेपर तपासायला नागपूरला बोलावणं यायचं, त्या कामाचा शेवटचा दिवस.

बरोबर असायचे दत्तोपंत. त्याच शाळेतले मराठीचे मास्तर, वासुदेवरावांहून नोकरीत वर्षभरानं लहान, आणि जिगरी दोस्त. दोघं मास्तरकी शिकवणाऱ्या नॉर्मल स्कूलपासून एका ताटात जेवलेले. बारा दिवस उन्हात तापलेल्या हॉलमध्ये बसून ढीगभर पेपर तपासायचे, मान आखडायची, बोटं लाल व्हायची. मग बाराव्या दिवशी दुपारी सीताबर्डीवरच्या एका हॉटेलात लाकडी आडोशामागे बसायचं आणि दोघांत एक बाटली घ्यायची. एकच हं. दुसरी कधी मागवली नाही.

एकोणपन्नास साली पहिल्यांदा बसले, तेव्हा दत्तोपंतांनी विचारलं, "कशी वाटली रे?"

वासुदेवरावांनी घोट गिळला आणि न हसता सांगितलं, "बावन्न."

दत्तोपंत असे हसले की फेस नाकात गेला. बारा दिवस मार्क देऊन देऊन या बाबाची जीभसुद्धा परीक्षक झाली होती! मग काय, दत्तोपंतांनी पिशवीतून बोर्डाची एक कोरी पुरवणी काढली. रकाने आखले. रंगाला वीस, फेसाला वीस, कडूपणाला तीस, शेवटच्या घोटाला तीस. खाली एका कोपऱ्यात 'परीक्षक', दुसऱ्या कोपऱ्यात 'नियामक', म्हणजे परीक्षकाचे मार्क पुन्हा तपासणारा. वासुदेवरावांनी परीक्षक म्हणून झोकात सही केली. दत्तोपंतांनी नियामकाची जागा तशीच ठेवली. म्हणाले, "फेरतपासणी बाकी आहे अजून. सगळ्या बाटल्या झाल्या की एकदम करतो सही."

मग दरवर्षी नवी बाटली. हरणाच्या चित्राची अठ्ठेचाळीसवर अडकली. किल्ल्याचं चित्र असलेली एकोणतीस मार्क घेऊन साफ नापास झाली, 'साबणाच्या पाण्याचा भास' असा शेरा मिळून. रुपेरी कागदवालीवरून तर दोघांत अर्धा तास वाद झाला. दत्तोपंतांना तिचा कडूपणा गोड लागला, वासुदेवराव म्हणाले, कडू आहे तर कडूच लाग ना बाई, लाजते काऊन? दोन गाढवं हसून हसून मेजावर डोकं टेकायची. कागद मात्र दत्तोपंतांच्या ट्रंकेत राहायचे. वासुदेवरावांच्या घरात सुमतीबाई कपाट रोज झटकत, तिथं काही लपायची सोय नव्हती.

त्रेपन्न सालचा मे भयंकर होता. नागपुरात बर्फ मिळेना. हॉटेलवाल्यानं मोराच्या चित्राची एक बाटली ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली होती, तीच आणली. कोमट. फेस आला तसा बसला. नियमानं तिला तीसही मिळायला नको होते.

पण त्या दिवशी वासुदेवराव बोलले. कुणाजवळ बोलले नव्हते ते बोलले. लहानपणी वडनेरहून त्यांचा बाप, रूपराव, त्यांना याच हिंगणघाटच्या शाळेत घालायला घेऊन आला होता. नवं धोतर नेसून, पागोटं बांधून. हेडमास्तरांच्या ऑफिसात तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. कुणी बस म्हटलं नाही. मग बाप भिंतीला टेकून फरशीवर बसला, उकिडवा, आणि तासभर बसून राहिला. हेडमास्तर वर बसून फॉर्म भरत होते आणि बाप खालून 'जी, जी' करत होता. दारात उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या वासुदेवानं ते पाहिलं होतं.

"मले हेडमास्तर व्हाचं आहे, दत्तू," वासुदेवराव म्हणाले होते. "पगारासाठी नाई रे. बाप अजून जिवंत आहे. एक डाव त्याले त्या ऑफिसात बोलवाचं आहे आणि म्हणाचं आहे, बाबा, बसा खुर्चीवर. बस्स. मग मले उद्या काढून टाकलं तरी चालते."

दत्तोपंतांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आडोशापलीकडची माणसं डोकावून पाहू लागली, तरी त्यांना पर्वा नव्हती. त्यांनी वासुदेवरावांचा हात धरला आणि म्हणाले, "तूच होशील. कमिटीत मास्तरांचा माणूस म्हणून मी बसतो ना? मी उभा राहीन तुह्या मागं. हा माहा शब्द आहे."

त्या कोमट बाटलीला वासुदेवरावांनी एक्क्याण्णव दिले. शेवटच्या घोटाला तीसपैकी तीस. शेरा लिहिला, 'ही विसरणे नाही.' दत्तोपंत म्हणाले, अरे, फेसाला किती देशील? फेस तर नव्हताच! वासुदेवराव म्हणाले, परीक्षक मी आहे.

पुढच्या वर्षी त्यांनी नवी बाटली मागवलीच नाही. पुन्हा मोराचीच घेतली.

पंचावन्न साली जुने हेडमास्तर निवृत्त झाले. सगळ्यांत जुने वासुदेवराव, त्यांच्याखालोखाल दत्तोपंत. गावात कुणाच्या मनात शंकाच नव्हती. मास्तरांच्या खोलीत लोक त्यांना आधीच 'साहेब' म्हणून चिडवू लागले होते. वासुदेवराव वरवर रागवायचे, आतून फुलायचे. रविवारी सकाळी कमिटी बसणार, म्हणून त्यांनी शुक्रवारच्या बाजारात वडनेरच्या डोमाजीजवळ निरोप दिला, बाबाले सांगजो, सोमवारी या म्हणा शाळेत, पागोटं बांधून या. निकाल लागायच्या आधी पेढे वाटणाऱ्या पोराला हेच मास्तर छडीनं हाणायचे. पण माणूस हरखला की त्याला कुठलं गणित सुचतं?

रविवारी ऑफिसात कमिटीचे पाच जण बसले होते. मधे अण्णाजी, टोकाला दत्तोपंत. वासुदेवरावांना बसायला सांगितलं. अण्णाजींनी टेबलावरून एक कागद त्यांच्याकडे सरकवला.

बोर्डाची पुरवणी. मोराच्या चित्राची, कंसात 'कोमट'. शंभरात एक्क्याण्णव. कागदावर ग्लासच्या बुडाचा गोल डागसुद्धा तसाच होता.

"नागपुरात बंदी नाही, हे मला ठाऊक आहे मास्तर," अण्णाजी हळू आवाजात म्हणाले. ते कधीच मोठ्यानं बोलत नसत, त्याचीच लोकांना जास्त भीती. "पण तुम्ही आम्हाला लिहून दिलं होतं. त्यात हा बोर्डाचा कागद. पोरांच्या परीक्षेचा कागद. अक्षर तुमचंच का?"

नाही म्हणता आलं असतं. लाल शाईनं कुणीही लिहील. पण पंधरा वर्षांतली हिंगणघाटची सगळी पोरं रंगाच्या रकान्यातला तो पोटात आडवी रेघ मारलेला सात त्यांच्याकडूनच गिरवून गेली होती. अक्षर नाकारायचं तर पोरांना काय तोंड दाखवायचं?

"माझंच," वासुदेवराव म्हणाले.

"बरोबर कोण होतं? इथे नियामकाची सही नाही."

वासुदेवरावांनी दत्तोपंतांकडे पाहिलं. तोवर त्यांच्या डोक्यात प्रकाशच पडला नव्हता हो! कुणी चोरला असेल, ट्रंक फोडली असेल, असंच त्यांना वाटत होतं. दत्तोपंतांनी चष्मा काढला होता आणि धोतराच्या सोग्यानं काचा पुसत होते. वासुदेवराव थांबले. फळ्यापाशी उभ्या केलेल्या हुशार पोराला उत्तर येतं हे माहीत असलं की मास्तर जसा थांबतो, तसे थांबले. आता बोलेल. आता उठेल. आता म्हणेल, अण्णाजी, मीही होतो.

दत्तोपंतांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अण्णाजी, पुढचा विषय घ्यावा आता," ते म्हणाले.

वासुदेवरावांनी तो कागद उलटा केला आणि परत सरकवला.

"कोणी नव्हतं," ते अण्णाजींना म्हणाले. आणि म्हणताना त्यांना वाटलं, आपण खोटं बोलत नाही आहोत.

अर्ध्या तासात गावभर झालं. हेडमास्तर दत्तोपंत. वासुदेवरावांची नोकरी शाबूत, पण समज देऊन.

ते घरी गेले नाहीत. सरळ वणा नदीच्या घाटावर गेले आणि उन्हात पायऱ्यांवर बसले. थोड्या वेळानं मागून चपलांचा आवाज आला. दत्तोपंत छत्री घेऊन आले होते. त्यांनी ती वासुदेवरावांच्या डोक्यावर धरली.

"बाजूले कर ते," वासुदेवराव म्हणाले.

दत्तोपंतांनी छत्री मिटली. "वासुदेवा, नलूचं स्थळ आलतं वरोऱ्याचं. लेक चोवीसची झाली माही. ते लोक म्हणाले, हेडमास्तराची पोरगी असती तर विचार केला असता. नुसत्या मास्तराच्या घरी ते येत नाई म्हणे. तिची माय, शोभाबाई, रोज रडून राह्यली घरी. मी काय करू, सांग?"

"मले सांगाचं होतं."

"सांगितलं असतं तर सोडली असती का तू खुर्ची?"

वासुदेवरावांना खोटं बोलायची सवय नव्हती. नसती सोडली. पण भांडलो असतो, त्यांना वाटलं. आमनेसामने भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा बसलो असतो. हे असं पाठीत नसतं झालं.

"उद्या बाप येऊन राह्यला माहा," ते म्हणाले. "पागोटं बांधून. त्याले काय सांगू मी? कोणाची खुर्ची दाखवू?"

दत्तोपंत एक पायरी खाली उतरले, त्यांच्यासमोर उभे राहिले. "मी बसवीन त्याले खुर्चीवर. आईची आन. मी उठून, हात धरून बसवीन. चहा मागवीन."

वासुदेवरावांना वाटलं, याच्या थोबाडीत मारावी. हात उठलासुद्धा. पण दत्तोपंतांचे डोळे भरले होते. तसेच भरले होते जसे त्या दिवशी भरले होते, आणि तेच वासुदेवरावांना सोसवेना.

"दत्तू," ते म्हणाले, "एक सांग मले. त्या दिवशी तू रडला होता. शब्द दिला होता. ते खोटं होतं ना?"

दत्तोपंतांनी मिटलेली छत्री पायरीवर ठेवली.

"खोटं होतं म्हण. तुले बिअर चढली होती म्हण. मले येडं बनवून राह्यला होता म्हण. मी आता घरी जातो, थुकतो तुह्या नावानं आणि मोकळा होतो. एवढं तरी कर माह्यासाठी."

"नाई रे," दत्तोपंत म्हणाले. "ते खरं होतं. देवाशप्पथ खरं होतं."

"खोटं होतं म्हण ना, लेका!" वासुदेवराव ओरडले. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून पाहू लागल्या. वासुदेवरावांनी दत्तोपंतांच्या सदऱ्याला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि गदागदा हलवत होते. दत्तोपंत हलत होते, रडत होते, पण त्यांना काही ते म्हणता येईना.