केतकीच्या पाठीतला उजेड

हेमंताचा मावळता प्रकाश प्रयोगशाळेच्या टेकडीवरून उतरत होता. केशरी, मग करडा, मग राखवर्णी. पायथ्याच्या उसाला तुरे आले होते, रुपेरी, निःशब्द, शोकमग्न बायकांसारखे झुकलेले.

शाल्मलीने खिडकीचे काळे पडदे ओढले. समोर काचेच्या दोन पट्ट्या, आणि त्यांवर धाकट्या बहिणीच्या पाठीतल्या मांसाचे दोन पापुद्रे. केतकीचं एवढंच उरलं होतं या जगात.

केतकी म्हणजे फुगडीची भिंगरी, केतकी म्हणजे पैंजणांची पळापळ. आणि त्या चंचलचरणेच्या देहात मांसाचंच हाड होऊ लागलं. आधी मान धरली, मग खांदे, मग कोपर. आई रोज तिळाचं तेल कोमट करी, मानेच्या गाठी चोळी, चोळता चोळता ओव्या गाई. पुढे कुणी डॉक्टर बोलून गेला, चोळल्याने हा आजार भडकतो. त्या दिवसापासून आईने कुणाला हात लावला नाही. नातवाच्या टाळूलासुद्धा नाही.

पाठीला मात्र तेल कधीच लागलं नव्हतं. केतकी गेल्यावर घेतलेला हा तुकडा तिथलाच. हाड वाढवणारं प्रथिन तिथेही जागं असेल, तर दोष आईच्या हातांचा नव्हता.

ते प्रथिन हुडकणारं प्रतिपिंड शेळीच्या रक्तातून आलेलं. साऱ्यांना वळसा घालून त्या एकालाच बिलगणारं, आणि अंगाला बांधलेल्या रंगाने तिथेच हिरवं उजळणारं. हे ऐकून आई फोनवर म्हणाली होती, "शेळीला पाला कळतो गं. माझी पोर काय कळणार तिला?"

एका पापुद्र्याला शाल्मलीने ते प्रतिपिंड पाजलं. दुसऱ्याला नाही. तो काळाच राहायला हवा, तरच पहिल्याचा उजेड खरा मानायचा.

आधी तिने तो दुसरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. काळोख, तळ नसलेला, तारा नसलेला काळोख.

मग पहिला. हिरवं, बाई, हिरवं! स्नायूंच्या धाग्याधाग्यांतून, अस्पर्श, अबोल मांसातून, हाडाची हिरवी चाहूल.

तिने फोन लावला. "आई, तुझ्या हातांनी नाही झालं. जिथे तू शिवलीसुद्धा नव्हतीस, तिथेही होतं ते."

आई हळूच म्हणाली, "मग कुणाच्या हातांनी?"

शाल्मलीने पुन्हा भिंगाला डोळा लावला. हा उजेड ज्या किरणांत दिसतो, त्यांतच विझत जातो. किरणांवर झडप लावावी, हे तिला ठाऊक होतं. डोळा हलेना. हिरवं मंद झालं, मंदाचं धूसर झालं, धूसराचा नुसता भास उरला. आणि धाकटी, पाहता पाहता, पुन्हा गेली.