कोणाचा पाय कुठे होता

बायको खोटं बोलत होती.

निदान त्या दोन आठवड्यांत माझी तशी खात्री होती. मी एकतीस वर्षं गाडी शिकवतोय. शेजारी बसलेल्याचा पाय काय करतोय हे मला वाकून बघावं लागत नाही, ते बुडाला कळतं.

कार्डावरचा शेरा, पाठ सहावा. *ॲक्सिलरेटरवरून पाय उचलत नाही. उचलला म्हणून सांगते.*

दर पाठाला शेरा लिहायचा आणि शिकणाऱ्याने खाली सही करायची, ही आमच्या शाळेची पद्धत. मीच पाडलेली. उद्या कोणी म्हणायला नको की मास्तरांनी सांगितलंच नव्हतं. बायकोने सही केली नाही. सहीच्या जागी लिहिलं: *उचलला होता.*

नीट सांगतो. पाण्याच्या टाकीपासून चौकापर्यंत एक लांब, सौम्य उतार आहे. माझा नियम असा: औषधाच्या दुकानाची पाटी आली की पाय उचलायचा. गाडी आपोआप दबत जाते, चौकाशी पंचवीसवर येते, तिथे ब्रेक नुसता टेकवायचा. या पाटीवर मी हजारेक माणसं शिकवली. गाड्या बदलल्या, पाटी तीच.

यंदा गाडी बदलली. ऑटोमॅटिक. शाळेत माझा भागीदार म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्यानेच निवडली. क्लच नाही, माझ्या बाजूला फक्त एक जादा ब्रेक.

"पाय उचल."

"उचललाय."

"उचलला असतास तर गाडी दबली असती. चाळीसवरच आहे."

"मग गाडीला सांगा ना. मला काय सांगता?"

आणि मग, चौक अजून लांब असताना, मध्येच गाडी खाली दबली.

"एवढ्या लवकर ब्रेक कशाला मारलास?"

"मी नाही मारला."

"मग काय गाडीत भूत आहे?"

ती स्वतःच्या पायाकडे बघत राहिली, आणि समोर बघ म्हणून मी पुन्हा ओरडलो.

पाठ सातवा. *वरीलप्रमाणे. शिवाय ब्रेक भलत्या वेळी.* खाली तिचं अक्षर: *वरीलप्रमाणेच.*

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण तिला रुग्णालयाने नोकरी देऊ केली होती. घरोघरी जाऊन हाडं मोडलेल्या माणसांकडून व्यायाम करून घ्यायचे. वीस वर्षं ती हेच काम एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत करत होती, जिथे खिडकी उघडत नाही. गाडी त्यांची, लायसन्स तिचं. एक तारखेच्या आत दाखवा, नाहीतर यादीत पुढच्या बाई आहेत. परीक्षा शुक्रवारी. आणि कार्डावर 'परीक्षेस योग्य' अशी माझी सही असल्याशिवाय आमच्या शाळेतून कोणी परीक्षेला बसत नाही.

पाय उचलत नाही आणि उचलला म्हणते, अशा माणसाच्या कार्डावर मी सही करत नाही. मेहुणा असो, बायको असो.

संध्याकाळी मी एकट्याने गाडी काढली. तोच उतार. पाटीशी पाय उचलला, गाडी शहाण्यासारखी दबली. पुन्हा फेरी मारली, पुन्हा दबली. म्हणजे गाडी निर्दोष.

घरी आलो तेव्हा ती कणीक मळत होती.

"गाडी बघून आलो," मी म्हणालो. "ठीक आहे."

"म्हणजे मी ठीक नाही."

"तसं कुठे म्हटलं मी?"

"तुम्ही म्हणत नाही, तुम्ही लिहिता." तिने कणकेला एक गुद्दा दिला. "एक विचारू? मी जावं असं वाटतं का हो तुम्हाला? सकाळी आठला जाणार, संध्याकाळी सातला येणार. खरं सांगा."

"वाटतं की."

"बघा, लगेच बोललात. विचार न करता."

विचार करून बोललो असतो तर म्हणाली असती, एवढा वेळ का लागला. मी उठून पाणी प्यायलो. तहान नव्हती.

आता खोटं पकडायचं ठरवलं. चोराला मुद्देमालासकट. बुधवारच्या पाठाला माझा फोन तिच्या पायांशी, पेडलच्या बाजूला चिकटपट्टीने बसवला, कॅमेरा सुरू करून.

"हे काय?"

"पुरावा."

"बरं," ती म्हणाली. फार सहज म्हणाली. मी चिकटपट्टी पुन्हा एकदा दाबून बघितली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोघांनी बघितलं. आवाज माझा: "पाटी आली, पाय उचल." चित्रात तिची तपकिरी चप्पल. चप्पल उठली. पेडलपासून चांगली चार बोटं वर, तशीच अधांतरी. आवाज माझा: "उचल म्हणतोय ना!" चप्पल तिथेच, किंचित थरथरते आहे.

मी पुन्हा लावलं. पुन्हा चप्पल उठली.

मेहुण्याला फोन केला.

"अहो भाऊजी, ते हिरवं बटण! माझ्या सकाळच्या पाठांना मी दाबतो. ते दाबलं की, पाय उचलला रे उचलला, गिअरबॉक्स इंजिनाला सोडून देतो. गाडी मोकळी घरंगळते. पेट्रोल वाचतं. ताई माझ्या मागोमागच बसते ना, गाडी चालूच असते. इंजिन बंद केलं की ते आपोआप जातं."

म्हणून संध्याकाळी मला गाडी शहाणी दिसली होती.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"पुस्तक दिलं होतं की तुमच्या हातात. तुम्ही म्हणालात, गाडी काय पुस्तकातून शिकतात?"

फोन ठेवला. एवढ्यावर सुटलो असं वाटलं. दोष यंत्राचा, फार तर मेहुण्याचा. मी तोंड उघडलं, बहुतेक माफीच मागणार होतो, तेवढ्यात तिने चित्र मागे नेलं आणि एका जागी बोट ठेवलं.

"आणि हे?"

तिची चप्पल अजून हवेत होती. आणि तिच्या बाजूचा ब्रेक खाली जात होता. एकटाच, हळूच, कोणाचाही पाय नसताना. अर्धं बोटभर गेला, थांबला, आणखी गेला.

दोन्ही ब्रेक खालून एकाच दांड्याने जोडलेले असतात. माझा दाबला की तिचा जातो. हे मी दर नव्या बॅचला पहिल्या दिवशी सांगतो. पुढे सांगतो, माझा पाय मात्र जमिनीवर असतो, कारण परीक्षेत परीक्षकाने ब्रेकला पाय लावला की तिथेच नापास.

"मला वाटायला लागलं होतं," ती म्हणाली, "की माझ्याच पायाचं काही खरं नाही. दवाखान्यात दोन दिवस गुडघा तपासून बघत होते स्वतःचा."

"मला माहीतच नव्हतं गं."

"तेच बघतेय. खरंच माहीत नव्हतं, की."

वाक्य तिने तिथेच सोडलं. गाडी दबली नाही म्हणून माझा पाय ब्रेकवर गेला असेल. किंवा इतकी वर्षं सगळ्यांच्याच वेळी जात असेल. किंवा. पायाला विचारून काही कळत नाही, मी त्या रात्री अंथरुणात विचारून बघितलं.

गुरुवार, शेवटचा पाठ. हिरवं बटण तिने स्वतः दाबलं.

"मांडी घाला."

"कुठे?"

"बॉनेटवर. कुठे काय, सीटवर. पाय माझ्या नजरेसमोर पाहिजेत."

एकतीस वर्षांचा मास्तर पट्टा लावून शेजारच्या सीटवर मांडी घालून बसला. शाळेसमोरचा दुकानवाला बघत होता.

टाकी गेली. पाटी यायच्या खूप आधी तिने पाय उचलला. मी "अगं अजून" म्हणालो, तिने ऐकलं नाही. इंजिनाचा काटा धपकन खाली गेला, आवाज विरला, आणि गाडी कोणाचीच नसल्यासारखी निघाली. चाळीस. चाळीस. अडतीस. फुटपाथवरून एक बाई छत्रीच्या काठीने कुत्र्याला हाकलत मागे न बघता रस्त्यात आली. माझा गुडघा समोरच्या कप्प्यावर खाडकन आपटला. पण पाय मांडीत अडकलेला, आणि ब्रेक केव्हाच लागला होता. धक्का नाही. बाई गेली, कुत्रं गेलं. गाडी चौकाशी उभी राहिली.

"लागलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"खोटं बोलू नका."

गाडी कडेला घेऊन तिने कार्ड समोर धरलं. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, मांडी सुटत नव्हती. तशाच अवस्थेत मी लिहिलं: *पाय वेळेवर उचलते. ब्रेक स्वतःचा. परीक्षेस योग्य.* सही केली.

"कार्ड माझ्या फाइलला लागतं," मी हात पुढे केला.

"बाकीच्यांचं लावा."

तिने शेरा दोनदा वाचला. मग कार्ड उलटं करून बघितलं, मागे आणखी काही लिहिलंय का.