ऑक्सिजनपाशी पडलेला खड्डा

आमच्या वेळी आलेखाची रेघ सुबक असावी लागे. प्रयोगशाळेत सरांची एक लाकडी वक्रपट्टी होती. बिंदू मांडायचे, पट्टी टेकवायची आणि एका दमात रेघ ओढायची. एखादा बिंदू बाहेर राहिलाच तर तो खोडून टाकायचा. सगळा वर्ग तेच करी.

त्या आठवड्यात आवर्तसारणीची दुसरी ओळ होती. अणूतून पहिला इलेक्ट्रॉन ओढून काढायला किती ऊर्जा लागते, ते लिथियमपासून निऑनपर्यंत दाखवायचं होतं. उजवीकडे जावं तशी ऊर्जा वाढते, असं सरांनी फळ्यावर लिहिलं होतं. एकंदरीत वाढतेच. पण माझी रेघ बोरॉनपाशी आणि पुढे ऑक्सिजनपाशी खाली उतरली.

"रस्त्यात खड्डे पडलेत वाटतं?" सर म्हणाले. "पट्टी लाव, नीट काढ. मग सही."

"आकडे तुम्हीच दिलेल्या तक्त्यातले आहेत, सर."

"मोजणाऱ्याचा हात हलला असेल."

सरांची सही नसेल तर परीक्षेला बसू देत नसत. आणि वर्ष बुडालं तर कॉलेज बंद, हे बाबांनी आधीच बजावलेलं.

"पुसून टाक," बाबा रात्री जेवताना म्हणाले. "एका रेघेने कोणाच्या बापाचं काय जातंय?"

"पण रेघ खाली येते कशाने?" आत्याने विचारलं.

मी ऑक्सिजनपाशीच्या खड्ड्याचं सांगितलं. नायट्रोजनमध्ये बाहेरच्या तीन इलेक्ट्रॉनांना तीन खोल्या मिळतात, एकेकाला एक. ऑक्सिजनमध्ये चौथा येतो. त्याला कोणाच्या तरी खोलीत घुसावं लागतं. दोघांचं पटत नाही, म्हणून त्यातल्या एकाला बाहेर काढणं सोपं जातं.

"म्हणजे मीच की," आत्या म्हणाली. ती माझ्या खोलीत राहायची. "दादा, पोरीचं बरोबर आहे. मला कोणी नुसतं 'चल' म्हटलं तरी मी निघेन."



दुसऱ्या दिवशी मी तोच कागद सरांपुढे ठेवला.

"अजून तेच?"

"तेच, सर."

"बरं. आता तिसरी ओळ मांड. सगळ्यांसमोर. तिथेही खड्डे पडले तर बघू."

त्यांना खात्री होती की पडणार नाहीत. वर्ग माझ्या टेबलाभोवती गोळा झाला. मी सोडियमपासून सुरुवात केली. मॅग्नेशियमला रेघ चढली आणि ॲल्युमिनियमला धपकन खाली आली. मागे कोणीतरी हसलं. सिलिकॉन, फॉस्फरस, पुन्हा चढण. गंधकापाशी उतार बेताचाच होता, पण होता उतारच.

"दोन्ही ओळींत त्याच जागी हात कसा हलेल, सर?"

सरांनी दोन्ही कागद एकाखाली एक धरले. बोटाने दोन्हींचे उतार जुळवून बघितले. मग माझ्या आलेखावर सही केली आणि शेजारी लिहिलं: नीटनेटकेपणा कमी, गुण वजा.

"चालेल?" त्यांनी विचारलं.

"सही चालेल. गुण कापलेले चालणार नाहीत," मी म्हणाले आणि कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

मुलं आपापल्या जागी परतली होती. तेवढ्यात मागच्या टेबलावर एका सुबक रेघेवर खोडरबर घासल्याचा आवाज आला. मग शेजारच्या टेबलावर.

"ज्यांच्या सह्या झाल्यात त्यांनी आलेखाला हात लावायचा नाही," सर ओरडले.

कोणी मान वर केली नाही. एकच खोडरबर या हातातून त्या हातात फिरत राहिलं.