एकाच खोबणीच्या मापाचा

मी डोळा आहे, पण मला दिसत नाही. कानावर पडलं तेवढंच सांगतो.

हैदराबादला एका कारागिराने मला प्लास्टिकमधून घडवलं. रामलिंग सरांना समोर बसवून, त्यांच्या उजव्या डोळ्याकडे बघत त्याने माझं बुबुळ रंगवलं, लाल रेशमाचे तंतू घालून शिरा काढल्या. सरांचा डावा डोळा काढून टाकला होता. ती रिकामी जागा मला मिळाली.

सर लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. फळ्यावरच्या रेघा वाकड्या दिसू लागल्या, कडेला सावली आली. दुखत मात्र काहीच नव्हतं, म्हणून परीक्षांच्या धांदलीत त्यांनी अंगावर काढलं. तोवर डाव्या डोळ्याच्या पडद्यामागच्या काळ्या थरात गाठ वाढत होती. आधी बसकट होती, मग वरचा पापुद्रा फोडून तिने भूछत्रासारखं डोकं काढलं.

मला लावून सर पुन्हा क्लासवर गेले. माझ्याविषयी कळलं की लोकांची पंचाईत होई. कुणी नेमकं माझ्याकडेच बघून बोले, कुणी दोन्ही डोळे टाळून भिंतीशी बोले. सर एकटेच राहायचे. ते मला कोमट पाण्याने धूत, तेव्हा खोलीत नळाशिवाय दुसरा आवाज नसे.

काढलेल्या गाठीची तपासणी झाली होती. तिच्यात तिसऱ्या गुणसूत्राच्या जोडीतलं एक नाहीसं झालेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "डोळा काढला, तरी अशी गाठ पुढे यकृतात उगवण्याची भीती जास्त असते. घरात कुणाला कॅन्सर होता?"

"कसं सांगू?" सर म्हणाले. "किल्लारीकडचं गाव आमचं. भूकंपात बहीण आणि मी सोडून सगळे गेले. आईबापाला चाळिशीही लागली नव्हती. पुढं कुणाला काय झालं असतं, कोण जाणे."

डॉक्टर म्हणाले, "एखादा दोष घराण्यातून रक्तात येतो. तुमचं रक्त तपासू. त्यात निघाला, तर बहिणीलाही तपासावं लागेल."

बहीण म्हणजे कंधारला दिलेली पार्वतीबाई, सरांची अक्का. त्या ढिगाऱ्यातून ही दोघंच उरली होती आणि अक्कानेच मोलमजुरी करून सरांना शिकवलं होतं. तिला त्यांनी गाठ साधी होती, एवढंच सांगितलं होतं. रक्ताचा निकाल येईपर्यंत तिचा फोन घ्यायचीही त्यांची छाती होईना. शेवटी निकाल आला त्याच आठवड्यात तीच एसटीने लातूरला आली.

"फोन कामून उचलत न्हाईस?"

मग सरांनी सगळं सांगितलं. "पण अक्का, रक्तात काई न्हाई निघालं. दोष त्या गाठीतच झाला व्हता. तुला, तुझ्या लेकरांना भ्याव न्हाई." हे सांगताना त्यांचा आवाज अगदी मोकळा झाला होता.

अक्का म्हणाली, "मला न्हाई म्हून मी खूश होऊ का? तू गेल्यावर, आपली माय कशी हाक मारायची, ते मी कुणाला इचारू?"

 मग दोघं ती हाक आठवत बसली. सर म्हणाले, लांबवून मारायची. अक्का म्हणाली, लांबवून आप्पा मारायचे, माय न्हाई. त्यावरून दोघं भांडली आणि सर हसले. मी त्यांचं हसू तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पुढची दोन वर्षं यकृताच्या तपासण्या चांगल्या आल्या. नंतर ठिपके दिसले. होईल तोवर सर खुर्चीत बसून शिकवत राहिले. उन्हाळ्यात ते गेले. माती देण्याआधी अक्काने मला काढून घेतलं.

भीती नसली, तरी तिने एकदा डोळे तपासून घ्यावेत, असा शब्द सरांनी घेतला होता. तो पाळायला ती नांदेडला गेली. डॉक्टरांनी थेंब टाकून आतवर पाहिलं. "पडदे चांगले आहेत, मावशी."

अक्काने पिशवीतून माझी डबी काढली. "ह्यो कुणाच्या कामी येईल का?"

"नाही हो. ज्याच्या मापाचा त्यालाच बसतो."

आता मी कंधारला तिच्या कपाटात असतो. कधीतरी ती डबी उघडते, पुन्हा मिटते. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, तर तिच्याकडे थांबा. चहाला नको म्हणू नका. तिचं गाव कसं होतं, ते विचारा. ती सांगेल. मीही आतून ऐकेन, पण हुंकार तेवढा तुम्हीच द्या.